मांजर अर्धी वाटी टाकून पुन्हा खायला मागतं. तुमच्याकडे काय करता?

चांदणीरात

आमच्याकडे दोन मांजरं आहेत. काळी बिट्टी मोठी, पिवळा गुंड्या तिच्याहून लहान. दोघांची नसबंदी झालेली आहे आणि दोघंही घरातच असतात. प्रश्न खाण्याचा आहे.

बिट्टी वाटीच्या मधलं तेवढं खाते. मधे तळ दिसायला लागला की मान वर करते आणि माझ्याकडे बघून ओरडायला लागते. कडेला भरपूर खाणं पडलेलं असतं. तेच मी बोटाने मधे ढकललं की पुन्हा खाली मान घालून खाते. गुंड्याची तऱ्हा वेगळी. तो आपली वाटी सोडून तिच्या वाटीत तोंड घालतो. शिवाय पहाटे साडेचारला उशाशी येऊन माझ्या पापणीवर पंजा ठेवतो. नखं आत असतात, नुसती मऊ गादी टेकवून वाट बघतो. उठून वाढलं की दोन घास खातो आणि झोपायला निघून जातो.

घरात यावर दोन तट पडलेत. एक पक्ष म्हणतो, लाड बंद करा, भूक लागली की सगळं खातील. मला वाटतं मांजर उगाच मागत नाही, कारण असतंच आणि ते आपण शोधायला हवं. तुमच्याकडच्या खाण्याच्या वेळा, तऱ्हा, खोड्या सगळं लिहा.

मृद्गंध

वाटीचा तळ दिसला म्हणजे दुष्काळ जाहीर! 😄 आमच्या सोनूचंही अगदी असंच आहे. मी वाटी उचलते, जरा हलवते आणि परत खाली ठेवते. आता नवीन आलं असं समजून मुकाट्याने खाते.

पिंपळपान

मृद्गंध, हलवल्यावर वास पुन्हा उठतो, त्याचाही परिणाम असणार. मांजराच्या जिभेवर चवीच्या कळ्या आपल्यापेक्षा फारच कमी असतात, खायचं की नाही ते नाक ठरवतं. सर्दीने नाक चोंदलेलं मांजर खाणं सोडतं ते त्यामुळेच. फ्रिजमधून काढलेलं ओलं खाणं तसंच पुढे ठेवलं तर आमची राणी हुंगून निघून जाते. त्यात चमचाभर कोमट पाणी कालवलं की येते.

खारूताई

चांदणी, तुमच्या दोघांच्याही तक्रारीचं मूळ एकच असावं. दिवसातून दोनदा पोटभर जेवण हे आपलं वेळापत्रक आहे, त्यांचं नाही. मांजर एकट्याने शिकार करणारा प्राणी आणि शिकारही छोटी. एका उंदरातून साधारण ३० किलोकॅलरी मिळतात. चार किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला २०० ते २५० किलोकॅलरी लागतात. म्हणजे सात-आठ उंदीर, आणि ते एकदम थोडेच सापडणार? मोकळ्यावरचं मांजर दिवसरात्र मिळून दहा-पंधरा वेळा थोडं थोडं खातं. पोटही तेवढंच लहान असतं.

पहाटेचं म्हणाल तर मांजरं खरी जागी होतात ती उजाडताना आणि अंधारताना. गुंड्या त्याच्या शिकारीच्या वेळेला उठतो. त्या वेळेला तुम्ही उठून वाढलंत की पापणीवर पंजा ठेवला की खाणं येतं, हे त्याला पक्कं कळतं. तुम्ही झोपायच्या आधी त्याला दमेस्तोवर खेळवा, मग खायला द्या. आणि पहाटेचं खाणं तुमच्या हातून न येता वेळ लावलेल्या यंत्रातून येऊ द्या. दिवसाचं खाणं तेवढंच ठेवायचं, फक्त पाच-सहा भाग करायचे.

निळासावळा

बिट्टीची वाटी खोल आहे का? मिशा कडेला घासतात म्हणून मांजरं कडेचं खात नाहीत असं म्हणतात. आम्ही पसरट ताटली आणली आणि फरक पडला.

पिंपळपान

ते मिशांच्या ताणाचं कोणीतरी मोजून बघितलंय, निळासावळा. खोल वाटी आणि पसरट ताटली, खाणं सारखंच गेलं. पण दोन्ही एकदम समोर ठेवल्यावर बऱ्याच मांजरांनी ताटली निवडली. त्यामुळे ताटली द्यावी, पण मांजराच्या सगळ्या तक्रारी तिने मिटतील अशी आशा धरू नये.

अवखळ

आम्ही कोरडं खाणं दिवसभर भरूनच ठेवतो. ओरडा नाही, पहाटेचा पंजा नाही. खारूताई म्हणतात तसं आमचा बोका आपलं आपण थोडं थोडं खातो. सगळ्यांनी हेच का करू नये?

खारूताई

अवखळ, बोक्याचं वजन कधी केलं होतंत? नसबंदीनंतर शरीराची गरज कमी होते आणि भूक वाढते, दोन्ही एकदम. भरलेली वाटी समोर असली की काही मांजरं थांबतात, बरीच थांबत नाहीत. सोपी परीक्षा आहे. बरगड्यांवरून हात फिरवा. फारसं न दाबता बरगड्या लागल्या पाहिजेत आणि वरून बघितल्यावर कंबर दिसली पाहिजे.

अवखळ

कंबर शोधतोय. बोका उताणा पडून शोधायला पूर्ण सहकार्य करतोय, कंबर मात्र करत नाही. उद्यापासून मोजून.

जुनाखोड

एवढं मोजमाप ऐकून नवल वाटतं. आमच्या घरी माझ्या लहानपणापासून मांजरं दुधावर वाढली. वाटीभर दूध आणि घरात जे उरेल ते. ठणठणीत होती. दूध वाईट हे कधीपासून?

दवबिंदू

काका, पिल्लू आईचं दूध पितं तेव्हा दुधातली साखर पचवणारं पाचक त्याच्या आतड्यात भरपूर असतं. आईचं दूध सुटलं की ते कमी होत जातं. काही मांजरांना थोडं दूध पचतं, तुमची त्यातली असतील. बऱ्याच जणांना जुलाब होतात, आणि मांजर शी कुठे जाऊन करतं ते आपण बघत नसलो तर कळतही नाही. आणि दुधाने पोट भरलं की मांस खाल्लं जात नाही, तेही आहेच.

शिवाय दूध त्यांना गोड लागत नसतं. गोड चव ओळखणारं एक जनुक मांजरांत निकामी झालेलं आहे, २००५ साली ते संशोधकांनी शोधून काढलं. वाघ आणि चित्ता यांचंही तसंच. आपल्या हातातल्या आइस्क्रीमकडे मांजर झेपावतं ते स्निग्धपणासाठी.

जुनाखोड

हे गोड चवीचं नवीन कळलं. छान लिहिलंयस. आमची मांजरं दिवसभर बाहेर हिंडायची, उंदीर-पाखरं भरपूर मारायची. म्हणजे दूध वरचं होतं आणि खरं जेवण ती स्वतःच मिळवत होती, असं म्हणायला हवं.

कोवळंऊन

एक विचारू का? आमच्या घरात मांस-मासे येत नाहीत. सापडलेलं पिल्लू ठेवून घेतलंय. भाज्या, डाळी, दूध यावर त्याला नीट वाढवता येईल का? मनापासून विचारतेय, रागावू नका.

पिंपळपान

रागवायचं कशाला, पिल्लू उचलून घरात घेतलंत हेच मोठं आहे. पण उत्तर नाही असं आहे. मांजर मांसावरच जगणारं जनावर आहे, कुत्र्याची गोष्ट वेगळी. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं, शरीरात पुरेसं तयार होत नाही. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू ताणून सैल पडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवलं की मांजरांतला तो हृदयविकार टॉरिन कमी पडल्याने होतो आणि ते दिल्यावर हृदय सुधारतंही. तेव्हा तयार खाणं खाणाऱ्या मांजरांतच ही उणीव निघाली होती. त्यानंतर खाण्यातलं टॉरिन वाढवलं गेलं. गाजरातून आपण 'अ' जीवनसत्त्व बनवतो, मांजराला तेही जमत नाही.

घरात शिजवायचं नसेल तर पिल्लांसाठीचं तयार 'संपूर्ण आहार' लिहिलेलं खाणं आणा. हात न लावता पाकिटातून वाटीत पडतं. आणि कुत्र्याचं खाणं मांजराला चालत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

कोवळंऊन

आजच पिल्लांचं खाणं आणलं. पाकीट उघडल्याच्या आवाजालाच कपाटामागून बाहेर आलं! धन्यवाद पिंपळपान. नाव अजून ठरत नाहीये.

मृद्गंध

कोवळंऊन, नाव छोटं ठेवा आणि खाण्याच्या वेळी हाक मारा. जपानमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलंय की घरातली मांजरं आपलं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखतात. कान वळतो, डोकं वळतं. यायचं की नाही तो त्यांचा प्रश्न!

निळासावळा

आमच्याकडे खाण्यापेक्षा पाण्याचा गोंधळ जास्त. स्वतःच्या वाटीतलं पाणी शिळं, माझ्या पेल्यातलं ताजं. नळ टपकत असेल तर सगळ्यात उत्तम. कोणाची मांजरं वाटीतलं पाणी पितात?

दवबिंदू

पाण्याची वाटी खाण्याच्या वाटीपासून लांब, दुसऱ्या खोलीत ठेवून बघा. रुंद भांडं, काठोकाठ भरलेलं. आमची मनी मुळीच पाणी पीत नव्हती, खिडकीपाशी मोठं काचेचं भांडं ठेवलं तेव्हापासून पिते.

पिताना कधी जवळून बघितलंय का? ती जीभ पाण्यात बुडवत नाही. टोक मागे वळवून पृष्ठभागाला नुसतं टेकवते आणि झटकन वर ओढते. टोकाला चिकटून पाण्याचा बारीक खांब वर उठतो आणि तो खाली कोसळायच्या आत ती तोंड मिटते. सेकंदाला चार वेळा. अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपून २०१० मध्ये यावर शोधनिबंध आला होता. हनुवटी कोरडी राहते. मी काच ठेवली ती मुळात हे बघायलाच, खरं तर.

मांजरांना तहान कमी लागते, वजनाच्या एका किलोमागे दिवसाला साधारण ५० मिली पाणी पोटात जायला हवं. कोरड्या खाण्यात पाणी दहाएक टक्के, ओल्यात पाऊणच्या वर. म्हणून दिवसातून एकदा तरी ओलं द्यावं या मताची मी आहे.

काजवा

पाण्यावरून आठवलं, आणि हे कृपया सगळ्यांनी वाचा. बोका सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसत असेल, जोर करत असेल, ओरडत असेल आणि ट्रे कोरडा असेल तर बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करत बसू नका. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो, खडे किंवा चिकट स्राव अडकून तो पूर्ण बंद होतो. लघवी तुंबली की एक-दोन दिवसांत जीव जातो. आमच्या बोक्याला रात्रीच डॉक्टरांकडे नेलं, नळी घालून मोकळं केलं, वाचला. सकाळपर्यंत थांबू नका, एवढंच सांगायचंय.

चांदणीरात

काजवा, अंगावर काटा आला. गुंड्याच्या ट्रेवर आजपासून लक्ष. बरं झालं लिहिलंत.

शेंडेफळ

वातावरण जरा हलकं करू. आमची चिमणी (मांजरीचंच नाव आहे, दुसरं सुचलं नाही) मला रोज माझाच मोजा आणून देते. तोंडात धरून, घशातून वेगळाच खर्जातला आवाज काढत येते. पायाशी ठेवते आणि शाबासकीची वाट बघते. घेतल्याशिवाय हलत नाही.

मृद्गंध

शेंडेफळ, दुसरा मोजा कुठे जातो याचा छडा लागला म्हणायचा!

अवखळ

आमच्याकडे टेबलावरच्या वस्तू खाली ढकलायचा कार्यक्रम असतो. आधी माझ्याकडे बघतो, मग पेन दोन बोटं सरकवतो, परत माझ्याकडे बघतो. मी "ए!" म्हटलं की लगेच ढकलतो. मी न बघितल्यासारखं केलं की अर्धवट सोडून जातो.

खारूताई

अवखळ, त्याला तुमचं लक्ष हवं असतं, आणि पेन पडल्यावर ते हमखास मिळतं. खाण्याचंही तेच. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाने २००९ मध्ये मांजरांची घुरघुर ध्वनिमुद्रित केली होती. खायला मागताना काही मांजरं घुरघुरीत बारीक रडका सूर मिसळतात आणि ऐकणाऱ्या माणसाला ती घुरघुर जास्त निकडीची वाटते. मांजर पाळलेलं नसलेल्यांनाही.

त्याच विद्यापीठाचं २०२० मधलं दुसरं काम मला फार आवडतं. मांजराकडे बघून डोळे बारीक करून हळूच मिटले तर तेही बऱ्याचदा तसंच उत्तर देतं. कोवळंऊन, तुमचं पिल्लू कपाटामागे असेल तेव्हा समोर जमिनीवर बसून करून बघा. त्याच्याकडे रोखून बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही.

जुनाखोड

त्या पहाटे उठवणाऱ्या बोक्यासाठी खाणं खेळण्यात लपवून ठेवा. लोळवलं की एकेक दाणा पडतो ते. फुकट मिळालेल्यापेक्षा कष्टाचं गोड लागतं, माणसाला तसं मांजरालाही.

पिंपळपान

काका, बाकीचे बरेच प्राणी तसे वागतात, मांजर मात्र नाही! २०२१ मध्ये डेव्हिसच्याच संशोधकांनी समोर सहज मिळणारं खाणं आणि कोड्यातलं खाणं दोन्ही ठेवलं. मांजरांनी सहज मिळणारं पसंत केलं. तरीही कंटाळलेल्या मांजराला असलं खेळणं उपयोगी पडतं, हळू खाल्लं जातं. पण दुसरी वाटी शेजारी ठेवू नका, नाहीतर खेळणं तसंच पडून राहील.

काजवा

चांदणी, एक विचारायचं राहिलं. बिट्टी खाताना मान एका बाजूला कलती करते का? दाणा तोंडातून खाली पडतो का? बाकी सगळं ठीक असून मांजर खाण्याशी येऊन थबकत असेल तर दात बघून घ्यावेत.

चांदणीरात

आज नीट जमिनीवर बसून बघितलं. हो, मान उजवीकडे कलते. आणि कोरडे दाणे चावत नाही, गिळते. एक दाणा चावायचा प्रयत्न केला आणि जबडा मधेच थांबवून तो टाकून दिला. कडेचं खाणं ती जिभेने ओढू शकत नसेल, मधला ढीग ओढता येत असेल. उद्या डॉक्टरांकडे नेते.

घरचा दुसरा पक्ष अजून म्हणतोय की दोन-तीन दिवस वाढू नका, झक मारत खाईल.

पिंपळपान

चांदणी, ते मुळीच करू नका. दुसऱ्या पक्षाला हा प्रतिसाद वाचून दाखवा. मांजर, विशेषतः जाड मांजर, काही दिवस उपाशी राहिलं तर शरीरातली चरबी भराभर यकृतात जाऊन साठते आणि यकृत बंद पडत जातं. डोळे, हिरड्या पिवळ्या पडतात. मग नळीने भरवायची वेळ येते. मोठ्या मांजराने पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा, पिल्लाच्या बाबतीत त्याच्याही आधी. मांजराला उपाशी ठेवून वळण लावता येत नाही. त्याचं न खाणं हेच पहिलं लक्षण असतं, कारण दुखणं ते लपवून ठेवतं.

शेंडेफळ

+१. आणि बरं वाटत नाहीये म्हणून माणसांची तापाची गोळी तर कधीच नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कांदा-लसूण घातलेलं शिजवलेलं मांसही देऊ नये, तांबड्या पेशी फुटतात. घरात लिलीची फुलं असतील तर आजच काढा. अंगावर पडलेले पराग चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात. मी पुष्पगुच्छ देणाऱ्यांना दारातच सांगते.

मृद्गंध

आणि शिवणकामाचा दोरा! जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, दोरा तोंडात गेला की बाहेर थुंकता येत नाही, आतच जातो. तोंडातून किंवा मागून टोक लोंबताना दिसलं तरी ओढू नका, आतडं चिरतं. तसंच घेऊन दवाखाना गाठा.

चांदणीरात

काजवा, तुमचे आभार कसे मानू! बिट्टीच्या खालच्या जबड्यातला मागचा दात मुळापासून झिजत होता. मांजरांत हे बरंच आढळतं म्हणे, वरून हिरडी थोडी लालसर दिसते तेवढंच. भूल देऊन दात काढला. आता ताटलीत ओलं खाणं वाढते, कडेचंही चाटून खाते. तळ दिसला की अजून एकदा माझ्याकडे बघते, पण ओरडत नाही. दुसरा पक्ष आता तिला स्वतःच्या हाताने भरवतो.

गुंड्याला वेगळ्या खोलीत दार लावून वाढते, त्यामुळे तिच्या वाटीवरचा हल्ला थांबला. पहाटेसाठी वेळ लावलेलं यंत्र आणलं. आता तो माझ्याऐवजी यंत्रासमोर बसून राहतो.

एक अडचण उरली आहे. बिट्टीला अजून काही दिवस गोळी द्यायची आहे आणि ती खाण्यातून नेमकी तेवढीच बाजूला काढून ठेवते. काय करू?

दवबिंदू

आधी डॉक्टरांना विचारा की हेच औषध पातळ मिळेल का आणि गोळी कुटली तर चालेल का. काही गोळ्या कुटल्या की कडू जहर होतात आणि मांजर फेस काढतं. गोळीच द्यायची असेल तर लागोपाठ तीन लहान गोळे करा ओल्या खाण्याचे. पहिला साधा, दुसऱ्यात औषध, आणि दुसरा तोंडात असतानाच तिसरा नाकासमोर धरा. तिसऱ्याच्या घाईत दुसरा गिळला जातो. सगळं जेवण औषधात कालवू नका, एकदा त्या खाण्याचा संशय आला की पुढे ते खाणंच सोडेल.

काजवा

दवबिंदूंचं बरोबर. फक्त दात काढलेली बाजू अजून हुळहुळी असेल, तेव्हा गोळे अगदी मऊ आणि लहान करा. आणि सुकी गोळी नुसती घशात ढकलायची वेळ आलीच तर मागोमाग पिचकारीने थोडं पाणी किंवा चमचाभर ओलं खाणं द्या. मांजराच्या अन्ननलिकेत गोळी अडकून जखम होऊ शकते, काही अँटिबायोटिकांनी तर जास्तच.